राहत्या घराच्या जोरावर दुसरं घर

‘घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. पण हल्ली एक घर झालं की दुसऱ्याच्या गोष्टी सुरू होतात. “आपल्या फ्लॅटची किंमत तिप्पट झाली, त्यावर कर्ज काढू, दुसरा फ्लॅट घेऊ. भाडं येईल आणि टॅक्सही वाचेल!” यजमानांचा हा बेत तुमच्याही कानावर आला असेल. बेत वाईट नाही, पण त्याच्या कागदांवर तुमचीही सही लागणार आहे. म्हणून मैत्रिणींनो, त्यातल्या खाचाखोचा समजून घ्यायला हव्यात.

घराच्या आजच्या बाजारभावातून फेडायचं राहिलेलं कर्ज वजा केलं की जे उरतं, ती आपली खरी मालमत्ता. बँकेतले लोक तिला इक्विटी म्हणतात. समजा, तुमच्या फ्लॅटची किंमत आज ६० लाख आहे आणि १० लाखांचं कर्ज बाकी आहे. म्हणजे तुमचे ५० लाख झाले. पण बँक काही पन्नासच्या पन्नास देत नाही. किमतीच्या ६० टक्के द्यायचं तिनं ठरवलं, तर ३६ लाखांतून जुने १० वजा जाऊन २६ लाख मिळतील. अशा कर्जाचा व्याजदर साध्या गृहकर्जापेक्षा सहसा जास्त असतो.

आता टॅक्सचं पाहू. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, त्यामुळे हाती आलेल्या रकमेवर आयकर नाही. व्याजाच्या सवलतीसाठी मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बँक पाहते तारण काय ठेवलं ते, आणि आयकर खातं पाहतं पैसा कुठं गेला ते. २५ लाख काढले, त्यांतले २० फ्लॅटला दिले आणि ५ मुलीच्या लग्नात खर्च झाले, तर फ्लॅटसाठी सवलत मिळेल ती २० लाखांच्या व्याजावरच. म्हणून ही रक्कम घरखर्चाच्या खात्यात मिसळू नका. ती सरळ विकणाऱ्याला जाऊ द्या आणि पावत्या जपून ठेवा.

हिशेब करून पाहा

समजा, २५ लाख १० टक्क्यांनी काढले. पहिल्या वर्षाचं व्याज साधारण अडीच लाख. फ्लॅटचं भाडं महिना १२ हजार, म्हणजे वर्षाचं १ लाख ४४ हजार. त्यातून घरपट्टीचे ४ हजार वजा केले. उरलेल्या १ लाख ४० हजारांवर दुरुस्ती वगैरेसाठी ३० टक्के सूट कायद्यानंच मिळते. राहिले ९८ हजार. त्यातून व्याज वजा केलं की १ लाख ५२ हजारांचा तोटा दिसतो.

जुन्या करपद्धतीत असा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो. यजमान २० टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर एकतीस-बत्तीस हजारांचा कर वाचेल. नव्या करपद्धतीत मात्र व्याज फक्त भाड्यातूनच वजा होतं. भाड्यावर कर लागणार नाही, पण पगारावरच्या करात एक रुपयाही कमी होणार नाही. तेव्हा “टॅक्स वाचतो” असं कुणी म्हणालं, तर कुठल्या पद्धतीत ते आधी विचारा.

आता वहीची दुसरी बाजू. १५ वर्षांच्या मुदतीनं हप्ता येतो सुमारे २६ हजार ९०० रुपये. भाडं १२ हजार. म्हणजे दरमहा जवळजवळ १५ हजार पगारातून जाणार. शिवाय सोसायटीचा खर्च आहे, आणि भाडेकरू नसलेले महिनेही धरायला हवेत. वर्षाला पावणेदोन लाखांवर घालवून तीस हजारांचा कर वाचवणं याला बचत म्हणत नाहीत, बरं का! फ्लॅटची किंमत पुढं वाढेल हाच खरा भरवसा, आणि तो पेलण्याइतका पगार आहे का, हाच खरा प्रश्न.

“तुझ्याच नावावर घेऊ!”

हे ऐकून कुणाला बरं वाटणार नाही? महाराष्ट्रात घर केवळ स्त्रीच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ती १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली. पती-पत्नीच्या जोडनावानं घेतलं तर ती मिळत नाही.

पण पैसा सगळा यजमानांचा आणि नाव तुमचं असेल, तर भाडं तुमच्या खात्यात आलं तरी कर त्यांच्याच उत्पन्नात धरला जातो. तुमचा स्वतःचा पगार, माहेरचा पैसा किंवा स्त्रीधन त्यात घातलं असेल, तर तेवढ्या हिश्शाचं उत्पन्न तुमचं. त्याचा पुरावा हवा, म्हणून तुमचं बँकेचं खातं वेगळं असू द्या.

दोघांनाही व्याजाची वजावट हवी असेल, तर दोघंही खरेदीखतात मालक आणि बँकेत कर्जदार असायला हवेत. पुष्कळ बायका निव्वळ सहकर्जदार म्हणून सही करतात आणि खरेदीखतात त्यांचं नावच नसतं. मग कर्ज फेडायची जबाबदारी पुरी, पण मालकी नाही आणि वजावटही नाही. ही अशी सही करू नका.

दोनाची तीन झाली तर

दोन घरं स्वतःच्या वापराची म्हणून दाखवता येतात. तिसरं कुलूप लावून ठेवलं, तरी त्याचं भाडं येतं असं धरून कर बसतो.

आणि एक मोठी फसगत होते ती घर विकताना. वीस लाखांना घेतलेला जुना फ्लॅट साठ लाखांना विकला, तर नफा ४० लाख. बँक आपले ३५ लाख आधी कापून घेईल आणि हाती येतील २५. पण कर लागतो तो नफ्यावर, हाती उरलेल्या रकमेवर नाही. मालकानं स्वतः काढलेलं गहाणकर्ज नफ्यातून वजा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्येच सांगितलं आहे. दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या घरावर साडेबारा टक्क्यांनी पाच लाख, वर सेस. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे. जो कमी तो धरायचा. मुदतीत दुसऱ्या घरात पैसा गुंतवला तर सूट मिळते, पण गुंतवायला पैसा उरायला हवा ना!

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्यानं घेतली. कलमांचे आकडे बदलले, तेव्हा सल्ला घेताना नवी कलमं विचारा.

एवढं करा

तारणाच्या कागदात राहतं घर आहे का, ते स्वतः वाचा. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं बुडीतात धरलं जातं. मग २००२ च्या कायद्यानं साठ दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात दावा न लावताही बँक घराचा ताबा घेऊ शकते. शक्य असेल तर नव्या घरासाठी नवं घरच तारण ठेवा. निदान सहा हप्त्यांची रक्कम बाजूला असू द्या. यजमानांचा विमा कर्जाएवढा आहे का, तेही पाहा. आणि चार्टर्ड अकाउंटंटकडे जाताना दोघांनी मिळून जा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण जाणतोच. इथं तर अंथरूणच गहाण पडणार आहे, म्हणून ते दोनदा मोजून घ्या.