डोंगरमाथ्यावरच्या लहरी

डोंगराच्या माथ्यावर पोहोचलं की आपण काय पाहतो? समोरची दरी, दूरची गावं, ढग. पण वेल्समधल्या पेन अ वान या डोंगरावर कधी गेलात, तर आधी पायाखाली पाहा. माथ्यावरच्या काही सपाट खडकांवर बारीक लहरी उमटलेल्या आहेत. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर दिसतात ना, अगदी तशाच!

८८६ मीटर उंचीचा हा डोंगर दक्षिण वेल्समध्ये सर्वांत उंच. मग इतक्या उंचावर या लहरी आल्या कुठून?

३५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. उष्ण, कोरड्या मैदानांवरून नद्या वाहत आणि वाळू-चिखलाचे थर पसरवत. वाहत्या पाण्याने वाळूवर लहरी काढल्या, त्यांवर नवा थर बसला आणि त्या झाकल्या गेल्या. पुढे थरांचा दगड झाला. त्यातलं लोह गंजल्यासारखं लाल झालं, म्हणून हा खडक तांबूस दिसतो.

नंतर जमीन उचलली गेली आणि हे थर दक्षिणेकडे किंचित कलले. म्हणून डोंगराची दक्षिण बाजू लांब, सौम्य उताराची, तर उत्तरेला एकदम कडा. माथ्यावरचा कठीण वालुकाश्म झाकणासारखा खालच्या थरांना सांभाळतो, त्यामुळे माथा टेबलासारखा सपाट राहिला. हिमयुगात उत्तरेच्या सावलीत बर्फ साचत गेला. त्याने कड्याखाली वाटीसारखे खोलगट भाग कोरले. शेजारच्या कॉर्न डी शिखराखालचं लिन कुम लुख हे तळं अशाच एका वाटीत आहे. बर्फाने आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधाने त्याचं पाणी अडवलं आहे.

आता या डोंगराला घासत आहेत ती माणसांची पावलं. चिखल टाळायला प्रत्येक जण वाटेच्या थोडा बाजूने चालतो. गवत तुडवलं जातं, खालची मऊ माती पावसात वाहून जाते आणि पायवाट रुंद होत उघडी पडते. डोंगराची देखभाल करणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था वाटेवर दगड बसवून ही धूप थोपवते.

तुम्ही तिथे गेलात, तर त्या दगडांवरूनच चाला. बूट थोडे चिखलाने माखले तरी चालतील. बूट घरी येऊन धुता येतात. वाहून गेलेली माती मात्र डोंगरावर परत येत नाही.