गंगाफळ टिकवा, बरकत राखा

जळगावचे नाव केळीने आणि भरताच्या वांग्याने झाले. पण हे दोन्ही माल व्यापाऱ्याला थांबू देत नाहीत. आज विकले नाही तर उद्या भाव पडतो. गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, याला अपवाद आहे. कोल्ड स्टोरेजची गरज नाही. नीट ठेवले तर दोन-तीन महिने सहज टिकते. ज्या कारागिराची कमाई दर महिन्याला सारखी नसते, त्याच्या घराला असा साठा मोठा आधार आहे.

पावसाळी पेरणीचे फळ दिवाळीच्या सुमारास तयार होते. घेताना साल नखाने दाबून पाहावी. नख रुतले तर फळ कोवळे. ते लगेच खावे, साठवू नये. देठ दोन-तीन बोटे शाबूत हवा. देठ तुटला की त्या जागेतून सड आत शिरते. म्हणून देठाला धरून फळ उचलू नये. आणल्यावर आठ-दहा दिवस उबदार, हवेशीर जागी सुकू द्यावे. साल टणक होते, बारीक ओरखडे भरून येतात. धुऊ नये, कोरड्या फडक्याने पुसावे.

आम्ही कापडवाले गाठी उघड्या फरशीवर टाकत नाही, कारण ओल खालून चढते. इथेही तोच कायदा. फळीवर किंवा खाटेवर, एकाच थरात, एकमेकांना न लागता ठेवावे. १० ते १५ अंश तापमान उत्तम. त्यासाठी घरातली सर्वांत थंड, कोरडी खोली निवडावी. धुळ्यात थंडीच्या काही रात्री पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा वर गोणपाट टाकावे. पिकत्या केळीपासून लांब ठेवावे. तिच्यातून निघणाऱ्या वायूने फळ लवकर उतरते. दर जुम्याला हात फिरवून पाहावे आणि मऊ पडलेले फळ बाजूला काढावे.

हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीप्रमाणे एका शिंप्याच्या दावतीत हुजूर (सल्ल.) यांनी दुब्बा आवडीने खाल्ला. दुब्बा ही याच कुळातली भाजी. अशा नेमतीचा इस्राफ होऊ नये. मात्र घरापुरते किंवा नेहमीच्या गिऱ्हाइकापुरते ठेवणे वेगळे, आणि भाव चढावा म्हणून माल दाबून ठेवणे वेगळे. त्याला एहतेकार म्हणतात, आणि दीनमध्ये त्याची मनाई आहे. मार्चचे ऊन तापण्याआधी साठा संपवावा. उरला तर शेजाऱ्यांत वाटावा.