क्षयजंतूच्या प्रथिनांचा पुरावा

१९९८ साली क्षयजंतूच्या एच३७आरव्ही या प्रमाण वाणाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. डीएनएची सुमारे ४४ लाख अक्षरे आणि त्यांत सुमारे ४,००० जनुके, असा तो हिशेब होता. मात्र अक्षरे प्रत्यक्ष वाचलेली होती, तर जनुके बव्हंशी संगणकाच्या अनुमानातून आलेली. या डीएनएत जी आणि सी ही अक्षरे सुमारे ६५ टक्के असल्याने जनुक नेमके कुठे सुरू होते, हे ठरवताना गफलत सहज होते. म्हणून ही यादी ग्राह्य धरण्यापूर्वी ती प्रथिने पेशीत खरोखर तयार होतात का, हे तपासावे लागते. ती तपासणी करणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला रोगजंतूंच्या अभ्यासात जनुकवाचनाच्या बरोबरीचे स्थान मिळायला हवे.

जंतूंमधून काढलेली प्रथिने ट्रिप्सिन हे विकर लायसीन आणि आर्जिनीन या अमिनो आम्लांपाशी तोडते. हे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, विद्युतभारित फवाऱ्याच्या रूपाने यंत्रात शिरतात. मोठे रेणू असे अखंड उडवण्याच्या तंत्रासाठी जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. यंत्र आधी पेप्टाइडचे वस्तुमान आणि विद्युतभार यांचे गुणोत्तर मोजते, मग ते फोडून भागांचेही मोजते. त्यावरून अमिनो आम्लांचा क्रम कळतो.

बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्समधील संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली असे क्रम ज्ञात जनुकांच्या यादीपुरते न ठेवता क्षयजंतूच्या डीएनएच्या सहाही वाचनचौकटींशी ताडून पाहिले. अपेक्षित प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिनांचा पुरावा मिळाला. शिवाय यादीत नसलेली ४१ जनुके सापडली आणि अनेक जनुकांच्या आरंभाच्या जागा दुरुस्त झाल्या.

आरएनए मोजणे स्वस्त आहे, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येतो. पण आरएनएच्या प्रमाणावरून प्रथिनाचे प्रमाण खात्रीने सांगता येत नाही, आणि प्रथिन तयार झाल्यावर त्यात होणारे रासायनिक बदल तर आरएनएत दिसतच नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यंत्राला न दिसलेले प्रथिन नाहीच, असे म्हणता येत नाही. क्षयजंतूच्या पीई आणि पीपीई कुळांतल्या कित्येक प्रथिनांत ट्रिप्सिनला तोडायला जागाच कमी. शिवाय चंबूत वाढलेला जंतू फुप्फुसातल्या जंतूसारखा वागेलच असे नाही. हे मान्यच करावे लागते. त्यातून निघतो तो निष्कर्ष इतकाच, की या यंत्राचा होकार भक्कम असतो, नकार तात्पुरता. आणि म्हणून वेगळी विकरे वापरून, संसर्ग झालेल्या पेशींतले नमुने घेऊन हे काम पुढे नेले पाहिजे.

नेमके प्रथिन हाती असले की काय साधते, हे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सीवाय-टीबी या त्वचाचाचणीत दिसते. ती ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या क्षयजंतूच्या दोन प्रथिनांवर उभी आहे. बीसीजी लशीच्या जंतूत ही प्रथिने नसल्याने लस घेतलेल्या माणसातही ती दिशाभूल करत नाही. क्षयाचा एवढा भार वाहणाऱ्या आपल्या देशाने जनुकवाचनावर खर्च करताना प्रथिनांच्या तपासणीसाठीही तितक्याच आग्रहाने यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे उभी करावीत.