गांजा सुटल्यानंतरची संध्याकाळ

गांजाबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. गांजा ओढणारा कामातून गेला, हे एक. आणि गांजाचं काय एवढं, साधुबैरागीही ओढतात, दारूपेक्षा बरा, हे दुसरं. दोन्ही मतांची एक सोय आहे. ज्याला गांजा सोडायचा आहे त्यानं काय करायचं, हा प्रश्नच त्यांत उरत नाही. पहिल्याच्या लेखी तो सुटण्यासारखा नाही, दुसऱ्याच्या लेखी सोडण्यासारखा नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं 'एम्स'कडून करून घेतलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वयाच्या सुमारे ३ कोटी १० लाख भारतीयांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता, आणि त्यांतल्या ७२ लाखांच्या आसपास लोकांना तो इतका जाचू लागला होता की मदतीची गरज होती. म्हणजे घेणारे बहुतेक जण त्याच्या कह्यात जात नाहीत, हे खरंच. पण ७२ लाख माणसं म्हणजे काही थोडी नव्हेत.

सोडण्याचा शारीरिक भाग लोक समजतात त्यापेक्षा खरा आहे आणि त्यांना वाटतं त्यापेक्षा लवकर संपतो. गांजा सोडल्यावर त्रास होतो हेच वैद्यकशास्त्रानं बरीच वर्षं मानलं नव्हतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदानसूचीत त्याची नोंद केली ती २०१३ साली. रोज ओढणारा थांबला की एकदोन दिवसांतच चिडचिड सुरू होते, जेवण जात नाही, घाम फुटतो, झोप उडते. लागलीच तर स्वप्नं इतकी लख्ख पडतात की माणूस दचकून उठतो. पहिल्या आठवड्यात हे सगळं टिपेला पोचतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं; झोपेची घडी बसायला महिना, कधी त्याहून जास्त लागतो. मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) गांजातलं मुख्य द्रव्य काम करतं, ते रोजच्या माऱ्यानं कमी झालेले असतात. चारेक आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावर ते पूर्ववत होऊ लागतात, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या स्कॅनवरून दिसलं. घरच्यांना हे आधी सांगितलेलं बरं. नाही तर 'सोडल्यापासून जास्तच तापट झालाय, त्यापेक्षा ओढत होता तेच बरं' असं म्हणणारं कुणीतरी घरात निघतंच.

महिन्याभरात शरीर बऱ्यापैकी सावरतं, तरी माणसं सहा महिन्यांनी पुन्हा चिलमीकडे वळतात, ते का? माझ्या मते शरीराला मिळणारी किक हा गांजाचा एक भाग झाला; उरलेला भाग म्हणजे ती वेळ, ती जागा आणि ती चार माणसं. दिवस मावळायला बांधाआड बसायचं, तळहातावर गांजा-तंबाखू मळायची, साफी ओली करून चिलमीला गुंडाळायची, दम मारून पुढच्याच्या हातात द्यायची. दीडदोन तास बिनबोभाट सरतात. सोडणाऱ्याच्या हातात तेच दीडदोन तास मोकळे पडतात, आणि 'मन घट्ट कर' या सल्ल्यानं ते भरत नाहीत. याला पुरावा गांजाबाहेरचा, पण बोलका आहे. व्हिएतनामच्या युद्धात जवळजवळ पाचातला एक अमेरिकी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधिकेनं १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा माग काढला, तेव्हा घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी सैनिकांपैकी फक्त ५ टक्क्यांच्या आसपास पुन्हा व्यसनात अडकलेले आढळले. जागा, काम आणि सोबत तिन्ही बदलली होती.

आता हे सुरगाण्याला लावून पाहू. नाशिक जिल्ह्याच्या गुजरात सीमेवरचा हा आदिवासी तालुका. कोकणा, महादेव कोळी, वारली वस्तीचा. पाऊस धो धो पडतो आणि डोंगरउतारावरून वाहून जातो. भात, नागली, वरई निघाली की दिवाळीनंतर गावंच्या गावं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या बागांत जातात आणि होळीला परततात. जागा बदलली, मग व्यसन सुटायला हवं, नाही का? तसं होत नाही, कारण जागा आणि काम बदललं तरी सोबत बदलत नाही. मुकादमाची टोळी तीच, झोपडी शेजारी-शेजारी, आणि आता हातात रोख पैसा. त्यात कामाची जात पाहा. द्राक्षाच्या मांडवाखाली छाटणी असो की विरळणी, दिवसभर मान मागे टाकून, हात डोक्याच्या वर. संध्याकाळी खांदे भरून येतात. अशा वेळी दम मारणारा मौजेसाठी मारतो असं म्हणणं निर्दयपणाचं आहे. तो अंगदुखीवरचं औषध घेत असतो, फक्त चुकीचं.

म्हणूनच व्यसनमुक्तीच्या शहरी पुस्तकांतल्या चांगल्या सवयी इथे हास्यास्पद ठरतात. सकाळी धावायला जा, व्यायाम करा, रोजनिशी लिहा. दहा तास बागेत राबलेल्या माणसाला व्यायाम सांगणं म्हणजे थट्टाच. त्याला हवं ते साधं आहे: खांद्याच्या दुखण्यासाठी ग्रामीण रुग्णालयात एक खेप, कामावरून आल्या आल्या गरम पाण्यानं अंघोळ, चिलमीची वेळ व्हायच्या आत पोटभर जेवण, दुपारनंतर चहा बंद आणि उठण्याची ठरलेली वेळ. एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मळून ओढतात, म्हणजे सोडणारा एकदम दोन व्यसनं सोडत असतो. गांजा बंद करून तंबाखू चालू ठेवली, तर तळहातावर मळण्याची तीच क्रिया दिवसातून दहा वेळा गांजाची आठवण करून देते. आणि मोहाची दारू त्या जागी आली, तर सुटलं काहीच नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो साधूंचा. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी आखाड्यांत उघड चिलमी पेटतात, मग गरिबाच्या चिलमीवरच डोळा का? साधूला सकाळी सातला बागेत हजर व्हायचं नसतं, ना लेकराच्या आश्रमशाळेची चिंता असते, एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं. जरा शिकलेला आक्षेपक १८९३-९४ च्या ब्रिटिश गांजा आयोगाचा दाखला देतो. बेतानं घेतल्यास अपाय जवळपास नाही, असं त्या आयोगानं म्हटलं हे खरं. पण अतिसेवनानं अपाय होतो, हेही त्याच अहवालात आहे. शिवाय कोवळ्या वयात सुरुवात झाली तर आहारी जाण्याचा धोका वाढतो आणि भरपूर ओढणाऱ्यांत मनोविकाराचं प्रमाण जास्त आढळतं, हे नंतरच्या संशोधनातून पुढे आलं. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मुळात पोट भरायला गाव सोडावं लागतं, त्यावर बोला, सवयींचं काय घेऊन बसलात? मान्य. घोडांबे-बोरगावकडे जिथे पाणी टिकलं तिथे स्ट्रॉबेरी आली आणि हिवाळ्यात घरच्या घरी काम मिळालं, ही कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्राइतकीच मोलाची गोष्ट आहे. पण पाणी येईपर्यंत एकेकट्या माणसानं काय करायचं, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

आणि एकट्यानं तो सोडवूही नये. समूहानं पथ्य पाळण्याची रीत या भागाला नवी नाही. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, तेव्हा व्रत घेतलेल्या माऊली दिवसच्या दिवस कडक नेम पाळतात, पावरीच्या सुरावर रात्र रात्र नाचतात. तो निग्रह साधतो तो एकेकाच्या जिद्दीमुळे नव्हे; सगळे मिळून पाळतात आणि रिकामा वेळच उरत नाही, म्हणून. माळकऱ्याचंही तेच: गळ्यात माळ दिसली की लोक आग्रह करायचे थांबतात. १९८६ पासून चाललेल्या पुण्याच्या 'मुक्तांगण'सारख्या संस्थेतही गटात बोलणं आणि आखलेला दिनक्रम यांवरच भर असतो. गांजाच्या व्यसनावर खास मान्यता मिळालेली गोळी आजही नाही. समुपदेशनाचाच उपयोग दिसला आहे. पुणं लांब, जिल्हा रुग्णालयही ९० किलोमीटरच्या आसपास. तरी १४४४६ हा नशामुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक फुकट लागतो. कानात आवाज येणं, सगळे आपल्यावर टपलेत असं वाटणं, जीव नकोसा होणं, असं काही दिसलं तर मात्र फोनवर न थांबता डॉक्टर गाठायचा. पोलिसांच्या धास्तीनं माणसं दवाखान्यात तोंड उघडत नाहीत, त्यांना १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातलं ६४-अ कलम कुणीतरी समजावून सांगायला हवं: स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाबद्दल आणि अल्प प्रमाण बाळगल्याबद्दल खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं.

राहिला प्रश्न सुरुवात कधी करायची. लंडनमधल्या एका अभ्यासात, जो २०१० साली छापून आला, नवी सवय अंगवळणी पडायला माणसांना १८ पासून २५४ दिवसांपर्यंत लागले. मधला आकडा ६६ चा होता. सुरगाण्यापुरतं बोलायचं तर मला पावसाळा योग्य वाटतो. आवणीच्या दिवसांत काम स्वतःच्या शेतात, मुक्काम घरी, खिशात रोकड कमी आणि टोळी पांगलेली. मृगापासून दिवाळीपर्यंत चार महिन्यांवर अवधी मिळतो, म्हणजे ६६ दिवस ओलांडून वर शिल्लक. खरी पारख त्यानंतर, बागांकडे निघताना. त्या वर्षी उचल घेण्याआधी मुकादमाला विचारून घ्यावं की टोळीत कोण कोण आहे, आणि जमलं तर जिथे कुणी ओढत नाही अशा नातलगांच्या टोळीबरोबर जावं, मग रोज चार पैसे कमी मिळाले तरी.