उज्जैनची जीवाजी वेधशाळा

भोपाळच्या पश्चिमेस, क्षिप्रेच्या काठी असलेली उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंहाने 18 व्या शतकाच्या पूर्वार्धात बांधली, आणि माळव्याची सुभेदारी त्याच्याकडे असल्यामुळे ते काम त्याला सुकर झाले. दिल्ली, जयपूर, मथुरा व वाराणसी येथेही त्याने वेधशाळा उभारल्या. परंतु भारतीय ज्योतिषाची मध्यरेखा, म्हणजे जिच्यापासून इतर गावांचे पूर्व-पश्चिम अंतर मोजावयाचे ती रेषा, उज्जैनवरूनच जाते असे मानले गेल्यामुळे येथे वेधशाळा नसती तरच नवल. प्रचलित कोष्टकांतील ग्रहस्थिती आकाशाशी जुळत नाही आणि पितळी यंत्रे झिजतात, हे पाहून त्याने दगडचुन्याची मोठी यंत्रे पत्करली.

त्यांपैकी सम्राट यंत्राची त्रिकोणी भिंत नेमकी दक्षिणोत्तर असून तिची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर, अर्थात उज्जैनच्या अक्षांशाइतक्या, सुमारे 23 अंशांच्या कोनात चढत जाते. सकाळी तिची सावली पश्चिमेकडील वर्तुळखंडावर आणि दुपारनंतर पूर्वेकडील खंडावर पडते. त्यांवरील खुणांवरून मिळते ती उज्जैनची सौर वेळ. घड्याळातील वेळ हवी असल्यास रेखांशातील फरकाची सुमारे 27 मिनिटे मिळवावी लागतात, शिवाय सूर्याच्या वर्षभर बदलणाऱ्या गतीचा संस्कार वेगळाच. भोपाळची सौर वेळ उज्जैनच्या सौर वेळेहून सहा-साडेसहा मिनिटे पुढे असते.

पुढे या यंत्रांची आबाळ झाली. 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांकडे अधीक्षकपद आले. वास्तू जयसिंहाची खरी. पण ती पुन्हा अभ्यासाची जागा झाली, याचे मोठे श्रेय आपट्यांना द्यावे लागते. शंकुयंत्र ही त्यांनी 1937 मध्ये घातलेली भर होय: आडव्या चौथऱ्याच्या मध्यावर उभा शंकू, आणि वर्षभरातील सावलीच्या टोकाचे मार्ग दाखविणाऱ्या रेषा. कर्कवृत्त येथून जेमतेम पाव अंश उत्तरेस असल्याने दक्षिणायन सुरू होण्याच्या दिवशी मध्यान्ही ही सावली शंकूच्या उंचीच्या दोनशेव्या हिश्शाहूनही आखूड होते.

1942 पासून वेधशाळा दृश्य ग्रहस्थितीचे, म्हणजे ग्रह प्रत्यक्ष जेथे दिसतील ती स्थाने देणारे पंचांग प्रसिद्ध करू लागली. जयसिंहाची मूळ तक्रार कोष्टकांविषयीच होती.