मुरूम, खडी आणि बाराशे किलोंची गाडी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बंगल्याचे, सोसायटीचे किंवा वर्कशॉपचे काम संपत आले की आवाराचे काय करायचे हे जणू आधीच ठरलेले असते: खाली पीसीसी, वर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक. मुरमीकरण, खडीकरण, डांबरीकरण, काँक्रिटीकरण ही सरकारी कामांची चढती भाजणी लोकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की मुरमाचा रस्ता म्हणजे निधी संपल्यामुळे अर्धवट राहिलेला रस्ता, असाच समज झाला आहे. सार्वजनिक रस्त्याला ही भाजणी खुशाल लागू असो. पण फाटकापासून पोर्चपर्यंत दिवसातून चार वेळा एक मोटार ये-जा करते, तिथे खडीकरणापाशी थांबणे हेच हिशेबाला धरून आहे, असे माझे म्हणणे आहे.

हिशेब पाण्यापासून सुरू होतो. तीस फूट लांब आणि दहा फूट रुंद वाट म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. पुण्याच्या आसपास वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर एवढ्याशा तुकड्यावर १९ हजार लिटरहून जास्त पाणी पडते. सिमेंटवरून त्यातले बहुतेक गटारात आणि तिथून पवनेत किंवा इंद्रायणीत जाते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे आणि अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकर मागवतात. दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर त्यांच्याच दारावरून वाहून गेलेले असतात. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी फारसे धरत नाही. ते मुरते आणि साठते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. इथल्या विहिरी त्याच थरावर जगतात.

मुरमाची वाट टिकते ती खालच्या कामावर. वरची माती, विशेषतः काळी असेल तर, फूटभर तरी काढावी लागते. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि तिच्यावर टाकलेले काँक्रीटही तडकते. मग दोरी लावून दोन्ही कडांना घडीव दगड उभे पुरायचे. कडा नसेल तर खडी दोन पावसाळ्यांत बागेत पसरते. तळात सहा इंचांचे सोलिंग: दगड रुंद बाजू खाली ठेवून हाताने एकमेकांना भिडवून लावायचे आणि फटींत चिपा ठोकायच्या. इथेच कंत्राटदाराची घाई दिसते, कारण डंपरने ओतून पसरलेले दगड वरून तसेच दिसतात, पण चाकाखाली हलत राहतात. आपल्या वाटेला दीड ब्रास दगड पुरतो. त्यावर मुरूम पसरून, पाणी मारून दबाई. रोलर आत येत नसेल तर धुम्मस. मूठभर ओला मुरूम चोळल्यावर हाताला चिकण लागली तर तो माल परत पाठवावा, चिखल त्याचाच होतो. वर खडीचा थर, आधी जाड, मग बारीक, आणि फटी भरायला कच. मधला भाग कडांपेक्षा दोन इंच उंच हवा. ब्रिस्टलच्या रस्त्यांचा कारभार १८१६ मध्ये हाती घेतलेल्या मॅकॅडमचे सगळे शास्त्र याच उतारात होते: वजन पेलते ती खालची जमीन, पण कोरडी असेल तोवरच. म्हणून पाणी चाकाखाली मुरवायचे नाही. ते कडेच्या दगड भरलेल्या चरात उतरवायचे आणि तिथे मुरू द्यायचे.

यावर चाणाक्ष वाचक विचारील की दाबलेल्या मुरमातूनही पाणी फारसे झिरपत नाही, मग काँक्रीटलाच तसा उतार आणि तसा चर का देऊ नये? जरूर द्यावा; ज्यांनी काँक्रीट आधीच केले आहे त्यांनी तर नक्की. ब्लॉकच्या फटींतून पाणी मुरते या समजुतीवर मात्र विसंबू नये, कारण खाली पीसीसी असेल तर त्या फटी शोभेच्याच. फरक उरतो तो मालात. सिमेंटसाठी चुनखडी १४५० अंशांपर्यंत भाजावी लागते आणि भट्टीचे इंधन कितीही स्वच्छ केले तरी चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच. जगाच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांचा आहे. शिवाय पाइप फुटला की काँक्रीट फोडावे लागते. खडी फावड्याने बाजूला करून पुन्हा तीच पसरता येते.

पण दगड-मुरूम ‘नैसर्गिक’ म्हणून निर्दोष, हेही मला मान्य नाही. मोशीच्या खाणींनी जमिनीचे काय केले ते तिथे गेलेल्या कोणालाही दिसते, आणि मुरमासाठी फोडलेली टेकडी पुन्हा उभी राहत नाही. शहाबादी फरशी तर कर्नाटकातून ट्रकने येते. म्हणून माल कुठून आणायचा, हा प्रश्न कोणता माल वापरायचा याहून मोठा आहे. इमारतीच्या पायासाठी इथे नाहीतरी मुरूम आणि दगड निघतातच आणि डंपरने बाहेर जातात. पायाच्या खोदाईतली माती त्याच प्लॉटवर भरावाला वापरली तर तिच्यावर गौण खनिजाची रॉयल्टी लागत नाही, असा निकाल पुण्याच्याच बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. जुन्या बांधकामाचा राडारोडाही सोलिंगला चालतो, फक्त त्यातले प्लास्टर आणि माती चाळून काढावी.

चाकणच्या कारखानदाराचा आक्षेप वजनाचा असतो, आणि तो खरा आहे. रस्त्याची झीज आसाच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. बाराशे किलोंच्या मोटारीच्या एका आसावर सहाशे किलो येतात. ट्रकच्या एका आसावर २०१८ पासून साडेअकरा टनांपर्यंत परवानगी आहे. झिजेतला फरक लाखाहून जास्त पटीचा होतो. फाटकापासून लोडिंगच्या धक्क्यापर्यंत काँक्रीटच हवे. पण त्याच आवारातली कामगारांच्या दुचाकींची आणि साहेबांच्या मोटारींची जागा त्याच जाडीने का भरायची? व्हीलचेअर किंवा काठी वापरणाऱ्यांसाठीही सुटी खडी वाईट. तिथे घट्ट सांध्यांच्या दगडी फरश्यांचा पट्टा हवा, त्यावर वाद नको. घरच्या मोटारीला तर चाकांपुरत्या दोन दगडी पट्ट्या आणि मध्ये हरळी एवढेही पुरते. राहिला देखभालीचा मुद्दा. दसऱ्याच्या सुमारास खड्ड्यांत काही घमेली मुरूम, थोडी कच, पाणी आणि धुम्मस, एवढे काम दरवर्षी करावेच लागते. कंत्राटदाराला ते नको असते, कारण त्याला एकदाच मोठे बिल करायचे असते. सोसायटीच्या वार्षिक सभेत मात्र दोन्ही कोटेशने पंधरा वर्षांच्या खर्चासकट, ब्लॉक उखडण्याचा आणि पुन्हा बसवण्याचा आकडा धरून मागवावीत.