आजीची अर्धी गोळी

आमच्या इंदूरच्या घरी आजीची औषधं आणायचं काम माझ्याकडे. कॅल्शियमची पंधरा गोळ्यांची स्ट्रिप, दिवसाला दोन गोळ्या. आठवडाभरात संपायला हवी. ती दोन-दोन आठवडे पुरायला लागली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मनगटाचं हाड मोडल्यावर डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, कॅल्शियम ५००, सकाळ-संध्याकाळ. मेडिकलवाल्याकडे नेहमीची गोळी नव्हती, म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीची दिली. तिच्यावर ठळक अक्षरांत १२५० मिलिग्रॅम. "अगं बाई, अडीचपट!" म्हणत आजीने कुणाला न विचारता गोळीचे दोन तुकडे करायला सुरुवात केली. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. असे दोन महिने गेले.

खुलासा स्ट्रिपच्या मागे होता, पण मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. मग मी कागद-पेन घेऊन आजीशेजारी बसलो.

गोळीत नुसतं कॅल्शियम नसतं. असतं ते कॅल्शियम कार्बोनेट, शिंपल्यात आणि संगमरवरात असतं तेच. त्यात एका कॅल्शियमला एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन. अणुवस्तुमानं मांडली: कॅल्शियम ४०.०८, कार्बन १२.०१, आणि ऑक्सिजन १६ त्रिक ४८. बेरीज १००.०९. म्हणजे एक मोल कॅल्शियम कार्बोनेट १००.०९ ग्रॅम भरतं आणि त्यातलं कॅल्शियम असतं ४०.०८ ग्रॅम. शंभरात चाळीस! १२५० चे चाळीस टक्के किती? बरोबर ५००. अकरावीत अशी गणितं मी मार्कांसाठी ढिगाने सोडवली होती. घरात कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आईने विचारलं, "मग शेजारच्या काकू सायट्रेटवाली घेतात, ती?" तिचं प्रमाण वेगळं. सायट्रेटचा रेणू अवजड, औषधात वापरतात त्या प्रकारात कॅल्शियम साधारण २१ टक्केच. त्यामुळे दोन स्ट्रिपांवरचे नुसते आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. क्षार कोणता, ते आधी बघायचं.

आजीला तरी पटेना. मग गोळीचा चुरा करून त्यावर लिंबू पिळलं. फसफसून बुडबुडे आले. पोटातल्या आम्लातही हेच होतं, म्हणून कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यायची.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अख्खी गोळी सुरू करा, पण राहिलेली भरून काढायला दुप्पट घेऊ नका.

आजी जन्मभर घरचा हिशेब ठेवत आलेली. तिने कागद माझ्या हातून घेतला आणि खाली लिहिलं: रोजचे ५०० कमी, साठ दिवस. "तीस ग्रॅम बुडाले की रे!" मग चष्मा पुसत म्हणाली, "ती बीपीची गोळी आण बघू. तिच्या मागे काय लिहिलंय?"